ग्रामपंचायतीतल्या सहभागाचे अडथळे (मराठवाडा)

गावच्या निवडणुकीत उभं राहायला, निवडून यायला आणि आल्यावर खरंच कारभार करायला बायकांना, दलित-आदिवासी-भटक्यांना, मुस्लिमांना, भूमिहीन मजुरांना ज्या गोष्टी आडव्या येतात त्यांना मिळून सहभागाचे अडथळे म्हणतात. ही नोंद मराठवाड्यापुरती आहे, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड. कायद्याने जागा दिलेल्या आहेत. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली, एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव झाल्या, महाराष्ट्राने 2011 मध्ये तो वाटा वाढवून एकूण जागांच्या निम्मा केला, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फलकावर नावं वाचली की वाटतं सगळं जमलंय. पण गळती मतपेटीच्या आधीच होते, फॉर्म भरताना, आणि राहिलेली खुर्चीत बसल्यावर.

सगळ्यात मोठी चाळणी छाननीची. थकबाकी नसल्याचा दाखला पाहिजे, घरात संडास असून तो वापरत असल्याचा दाखला पाहिजे, 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनच्या वर लेकरू झालेलं नको. ही दोन अपत्यांची अट दिसायला सगळ्यांना सारखी आहे, पण तिसरं लेकरू होऊ द्यायचं का नाही हे ज्या बाईला घरात कुणी विचारलंच नाही ती बाई त्याच अटीवर निवडणुकीतून बाद होते, याला न्याय कसं म्हणायचं. त्यात 1 जानेवारी 1995 नंतर जन्मलेल्यांना सातवी पासची अट, म्हणजे ऊसतोडीला आईबापाबरोबर गेल्यामुळे जिची शाळा चौथीत सुटली ती पोरगी पुढं कधी सरपंचाचा फॉर्म भरूच शकत नाही.

अतिक्रमणाचं कलम तर मराठवाड्यात फार आतपर्यंत लागतं. सरकारी जमिनीवर अतिक्रमण असेल तर सदस्य अपात्र ठरतो आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने जनाबाई प्रकरणात सांगितलं की अतिक्रमण घरच्या माणसाचं असलं आणि सदस्य त्याच जागेत राहून ती वापरत असला तरी अपात्रता येते. आता इथं गायरानावर कसणारं आणि राहणारं कोण आहे, तर बहुतेक करून भूमिहीन दलित आणि पारधी कुटुंबं. एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानासारख्या चळवळी याच जमिनींसाठी लढल्या, 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळातली अतिक्रमणं नावावर करायची ठरली, पण सातबारावर नाव न लागलेली घरं आजही गावोगाव आहेत. ज्या तुकड्यामुळे त्या माणसाला गावात पाय रोवता आला त्याच तुकड्यामुळे त्याचं सदस्यपद जातं, आणि तक्रार करणारा विरोधी पॅनलचाच असतो.

मग जात पडताळणी. राखीव जागेवर उभं राहायचं तर व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र पाहिजे, नसेल तर अर्ज केल्याची पोच लावून निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र आणून द्यायचं, नाहीतर पद गेलं. पुरावा मागतात तो अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, जुन्या नोंदी उर्दूत, काही मोडीत, काही हैदराबादला. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सरकारने नेमली तेव्हा हे कागद हुडकणं किती अवघड आहे ते सगळ्या राज्याने बघितलं. तांड्यावरच्या किंवा पालावरच्या माणसाला तेच काम एकट्याने, मजुरी बुडवून करावं लागतं, त्याचा आजा शाळेतच गेला नव्हता तर निर्गम उतारा आणायचा कुठून.

ऊसतोड हा वेगळाच विषय, आणि बीडकडं तो टाळून पुढं जाताच येत नाही. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेली कोयत्यावरची जोडपी गाव सोडतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. 15 जानेवारी 2021 ला राज्यात चौदा हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान होतं, म्हणजे ऐन हंगामात. मतापुरतं आणायला पॅनलवाले गाड्या पाठवतात, पण फॉर्म भरायला, प्रचार करायला महिनाभर थांबायचं म्हटलं तर टोळी मोडते आणि उचल फिटत नाही. 26 जानेवारीच्या ग्रामसभेलाही ही माणसं कारखान्याच्या तळावरच असतात. वरून निकालानंतर 30 दिवसात खर्चाचा हिशोब दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्र करता येतं. पडलेला मजूर फडावर निघून जातो, हिशोबाचं त्याच्या ध्यानातही राहत नाही आणि पुढची निवडणूकही हातची जाते.

गाव बिनविरोध झालं की कौतुक होतं. पण बिनविरोध बहुतेक वेळा पारावर चारपाच कारभारी बसून ठरवतात, तिथं बायका नसतात आणि वस्तीवरचा माणूस कडेला उभा असतो. कुठं कुठं पदाची बोलीच लागते, मंदिराला जास्त देणगी देणारा सरपंच. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी 2021 मध्ये अशा लिलावावरून नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी इथली निवडणूक रद्द केली होती.

निवडून आलेल्या बाईचं पुढं काय होतं तर सरपंचपती. मीटिंगला नवरा, फोनला दीर, आणि आता ऑनलाइन पेमेंट सरपंचाच्या डिजिटल सहीने होतं म्हणून तो सहीचा डोंगलसुद्धा नवऱ्याच्या नाहीतर ऑपरेटरच्या खिशात. कुठल्या बिलावर आपली सही गेली हे बाईला माहीत नसतं आणि चौकशी लागली की नोटीस मात्र तिच्याच नावाने येते. जी स्वतः कारभार करायला लागते तिच्यावर अविश्वास ठराव येतो किंवा अपात्रतेचा अर्ज पडतो. सप्टेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचाला तिचं पद परत दिलं आणि बाईच्या हाताखाली काम करणं गावकऱ्यांना पचत नाही हे स्पष्ट बोलून दाखवलं. आरक्षणही फिरतं असतं, पाच वर्षात बाई काम शिकते आणि पुढच्या वेळी जागा खुली झाली की पॅनल तिला विचारत नाही.

भीतीचं पण लिहायलाच पाहिजे. 9 डिसेंबर 2024 ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. ज्या घराच्या मागं ना भावकी ना पैसा त्या घरात त्यानंतर फॉर्म भरायचा विषय निघाला की आईच आडवी पडते.

वरच्या संस्थांमध्ये तर निवडणूकच थांबून राहिली होती. स्थानिक संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणाचा सुप्रीम कोर्टाचा निकाल 4 मार्च 2021 ला लागला आणि पुढं वाद वाढत गेला, जिल्हा परिषदांची मुदत 2022 मध्ये संपली तरी 2025 उजाडेपर्यंत प्रशासकच कारभार बघत होते. ग्रामपंचायतीत तयार झालेल्या बाईला वर जायला त्या काळात वाटच नव्हती.

छाननीत बाद झालेला फॉर्म परत उभा राहिल्याचं एक उदाहरण मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठातलंच आहे. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या एका तृतीयपंथी उमेदवाराचा महिला राखीव जागेवरचा अर्ज नाकारला होता, खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये त्यांना महिला म्हणून लढायची परवानगी दिली आणि त्या निवडूनही आल्या. पण छाननी आणि मतदान यांच्यामध्ये दिवस थोडेच असतात, तेवढ्यात नांदेडच्या टोकाला असलेल्या किनवटच्या तांड्यावरून निघून संभाजीनगरला वकील गाठायचा तर गाडीभाडं, फी आणि ओळख तिन्ही लागतात, आणि ज्यांचे फॉर्म बाद होतात त्यातल्या बहुतेकांकडं यातलं एकही नसतं.