पहिले रिव्हॉल्व्हर हलके आणि छोटे असावे का?

नेमबाजी नव्याने शिकणाऱ्याने पहिले रिव्हॉल्व्हर हलके आणि आखूड नळीचे घ्यावे, कारण ते हाताळायला सोपे जाते, असा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आला आहे. दुकानात हातात घेतल्यावर तो पटतोही. अडचण कळते ती गोळी सुटल्यावर.

काडतूस तेच असेल, तर शस्त्राला मागे मिळणारा संवेग जवळपास तेवढाच राहतो. मात्र शस्त्राचे वजन दुप्पट असेल, तर ते मागे येण्याचा वेग निम्मा होतो आणि धक्क्याची ऊर्जाही निम्मीच उरते. त्यामुळे चाप ओढण्याआधीच अंग आखडून घेण्याची, पुढे मोडायला फार कठीण जाणारी खोड लागण्याचा संभव घटतो.

दुसरा हिशेब नेमाचा. नेम धरण्यासाठी शस्त्रावर असलेली मागची खाच आणि नळीच्या टोकाजवळची माशी (छोटा उंचवटा) यांच्यात 100 मिलिमीटर अंतर असताना जुळणीत 1 मिलिमीटरची चूक झाली, तर 25 मीटरवर गोळी सुमारे 250 मिलिमीटर सरकते. लांब नळीमुळे तेच अंतर 200 मिलिमीटर असेल, तर सुमारे 125. कागदावर समरूप त्रिकोण काढून हे कोणालाही पडताळता येते.

हलकी शस्त्रे मुळात दिवसभर जवळ बाळगण्यासाठी घडवलेली असतात, आणि बहुधा तिथूनच हा समज आला असावा. खात्री करायची, तर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली दोन्ही प्रकारांतून एकाच जातीच्या काडतुसांच्या पाच-पाच गोळ्या झाडून छिद्रांचा पसारा मोजावा. सुरुवात मात्र .22 नेच (सुमारे 0.22 इंच व्यासाच्या, कमी धक्का देणाऱ्या छोट्या काडतुसाने) करावी, असे माझे मत आहे.