कंटेनर म्हणजे छोटा कॉम्प्युटर नव्हे ओ!

सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या सेमिनारमध्ये डॉकरची, म्हणजे कंटेनर चालवायच्या टूलची, स्लाईड आली की चित्र ठरलेलं असतं. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात चार छोटे कॉम्प्युटर, आणि खाली लिहिलेलं, कंटेनर म्हणजे हलकी व्हर्च्युअल मशीन (स्वतःची अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम घेऊन चालणारा नकली कॉम्प्युटर). मार्कही मिळतात त्याला. पण ते चूक आहे, आणि नुसती पुस्तकी चूक असती तर सोडून दिलं असतं, हे एकदा डोक्यात बसलं की पुढे नोकरीत टेस्ट का फेल होतायत हेच कळत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी टेस्ट कसली ते बघू. समजा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेलवाल्याचं ऑर्डर घ्यायचं सॉफ्टवेअर आहे. मोबाईल ॲप, वेबसाईट, बिलिंगचा प्रोग्राम हे सगळे मागच्या सर्व्हरशी ज्या ठरलेल्या पद्धतीने बोलतात ती एपीआय. आता माणसाने बसून बटणं दाबण्याऐवजी एक प्रोग्रामच एपीआयला प्रश्न विचारतो. ३० बाय ६० चे ५० डझन टॉवेल टाकले तर २०१ हा आकडा परत येतो का (म्हणजे नोंद झाली), लॉगिन न करता टाकले तर ४०१ येतो का, आणि वजा १२ डझन टाकले तर ४०० येतो का, म्हणजे 'तुझी मागणीच चुकलीय' असं सर्व्हर सांगतो का. ही वजा १२ वाली टेस्ट माझी सगळ्यात आवडती, कारण ती ऑर्डर चुकून घेतली गेली तर गोदामातला स्टॉक वाढतो की, एकही टॉवेल न विणता!

प्रोग्रामरने नवा कोड पुश केला की बिल्ड पाईपलाईन, म्हणजे कोड बांधून तपासणारी साखळी, आपोआप सुरू होते. कोड बिल्ड होतो, एपीआयचा एक कंटेनर उभा राहतो, डेटाबेसचा दुसरा, टेस्टचा तिसरा, टेस्ट पळतात आणि शेवटी तिन्ही पुसून टाकतात. पाईपलाईनला टेस्टमधलं काही कळत नाही, ती फक्त एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो आकडा, बघते, शून्य आला तर पास, दुसरं काहीही आलं तर फेल.

आता खरी गंमत. कुठलाही चालू प्रोग्राम, म्हणजे प्रोसेस, स्वतःहून जगाबद्दल काहीही जाणत नाही. इथे अजून कोण चालू आहे, कुठल्या फाईली आहेत, नेटवर्क कुठलं, हे सगळं तो कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, विचारतो, आणि कर्नल सांगेल ते खरं मानतो. नेमस्पेस म्हणजे कर्नलने ठरावीक प्रोसेसना दिलेलं छाटलेलं उत्तर. बास, एवढंच. कंटेनर म्हणून वेगळी वस्तू कर्नलमध्ये नाहीच, असतात त्या साध्या प्रोसेस, फक्त त्यांना कमी दाखवलेलं असतं. आणि हे डॉकरने शोधलेलंही नाही. फाईलींची नेमस्पेस लिनक्समध्ये २००२ सालीच आली, मग प्रोसेस नंबरची, नेटवर्कची, युजरची अशी भर पडत गेली, आणि २०१३ मध्ये डॉकरने हे सगळं एका कमांडमागे आणून बसवलं.

पटत नसेल तर कुठल्याही लिनक्स लॅपटॉपवर रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन अनशेअर ही कमांड फोर्क, पिड आणि माउंट-प्रॉक हे तीन पर्याय देऊन बॅश चालवायला सांगा, डॉकर इन्स्टॉल असायचीही गरज नाही. आतून पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) मारलं की मशीनवरच्या शेकडो प्रोसेस गायब, बॅश म्हणतो माझा नंबर १. त्याच वेळी दुसऱ्या टर्मिनलमधून बघा, तोच बॅश तिथे भलताच मोठा नंबर घेऊन बसलेला असेल. प्रोसेस एकच, नंबर दोन, आणि दोन्ही खरे.

नेटवर्कचं तसंच, आणि नवशिक्या पोरांचा जीव इथेच जातो. प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसला स्वतःचा लोकलहोस्ट, म्हणजे 'मी स्वतः' असा पत्ता, असतो. टेस्टच्या कंटेनरमधून लोकलहोस्टच्या ८०८० पोर्टला (पोर्ट म्हणजे प्रोग्राम ऐकतो त्या दाराचा नंबर) हाक मारली तर ती हाक टेस्टच्याच कंटेनरमध्ये फिरते, तिथे कोणी ऐकतच नसतं, मग 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. एपीआय शेजारी ठणठणीत चालू आहे तरी. उपाय म्हणजे दोघांना डॉकरमध्ये आपण स्वतः बनवलेल्या एका नेटवर्कवर ठेवायचं आणि नावाने हाक मारायची, नावाचा पत्ता शोधायला डॉकर अशा नेटवर्कवरच्या प्रत्येक कंटेनरला १२७.०.०.११ वर स्वतःचा डीएनएस देतो. याचा फायदाही तोच बघा, एकाच मशीनवर दोन बिल्ड चालू असतील आणि दोन्ही एपीआयला ८०८० च पाहिजे असेल तरी भांडण नाही. फाईलींमध्ये तर मूळ इमेजला, म्हणजे ज्या तयार फाईलींच्या साच्यावरून कंटेनर उभा राहतो त्याला, कोणी हातच लावू शकत नाही, बदललं ते वरच्या पातळ थरात जातं आणि कंटेनर पुसला की थर जातो, त्यामुळे मागच्या टेस्टचे ५० डझन पुढच्या टेस्टला दिसत नाहीत.

पण व्हर्च्युअल मशीनसारखा प्रत्येकाला वेगळा नाही, कर्नल सगळ्यांना एकच! लूमच्या शेडमध्ये पार्टिशन टाकून चार भाडेकरू बसवले तरी मीटर एकच असतो, लोड वाढला की सगळ्यांची बत्ती गुल, तसं. म्हणून कोण किती मेमरी खाणार यावर सीग्रुप या कर्नलमधल्याच सोयीचा लगाम लागतो, गुगलच्या इंजिनिअर्सनी २००६ मध्ये काम सुरू केलं आणि २००८ च्या कर्नलमध्ये आलं ते. तुमच्या टेस्ट अचानक १३७ एक्झिट कोड देऊन मेल्या तर कोडमध्ये बग शोधत बसू नका, १३७ म्हणजे १२८ अधिक ९, नऊ नंबरचा सिग्नल म्हणजे किल, बहुतेक वेळा मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून कर्नलने उडवलेलं असतं.

आणि एक गोष्ट अशी आहे की जिची वेगळी प्रत कंटेनरला मिळतच नाही, ती म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाची वेळ. टाईम नेमस्पेस २०२० मध्ये आली खरी, पण ती मशीन सुरू होऊन किती वेळ झाला असली घड्याळं बदलते, तारीख-वेळ नाही. कंटेनरला वेगळा मिळतो तो फक्त टाईमझोन, आणि बहुतेक इमेजमध्ये तो यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

यातूनच ते प्रसिद्ध भूत निघतं, रात्री बारानंतर फेल होणारी आणि सकाळी चहाच्या वेळी आपोआप पास होणारी टेस्ट. टेस्टमध्ये भारतीय तारीख मोजलेली, सर्व्हरच्या कोडने तारीख कंटेनरला विचारलेली, मग रात्री १२ ते पहाटे ५:३० पर्यंत दोघांच्या तारखेत एक दिवसाचा फरक पडणारच. लोक काय करतात? सर्व्हरच्या रॅकला लिंबू-मिरची बांधलेली मी स्वतः बघितलीय, खंडेनवमीचा हार वेगळा. हसू नका, 'परत रन कर बे, होईल पास' म्हणणारे शिकलेसवरलेले लोकही तेच करतायत, फक्त लिंबाचा खर्च वाचवतायत. हल्ली 'एआय आपोआप टेस्ट दुरुस्त करेल' असं विकणारेही फिरतायत, त्यातलं एखादं टूल पडलेल्या टेस्टमधली अपेक्षित तारीखच बदलून देईल, बिल्ड हिरवा, सगळे खूश.

आणि ती टेस्ट खरं तेच सांगत होती ना. ३१ मार्चच्या रात्री बारा वाजून गेल्यावर बिल काढलं तर आपल्याकडे नवीन आर्थिक वर्ष, बिल नंबर नव्याने सुरू, पण यूटीसीत बसलेल्या सर्व्हरला पहाटे साडेपाचपर्यंत ३१ मार्चच दिसतो, तो जुन्याच वर्षाचा नंबर देणार, आणि मग सीए फोन करणार. टेस्टच्या कंटेनरला भारतीय टाईमझोन लावून गप्प बसलात तर टेस्ट पास होईल, पण खरा सर्व्हर यूटीसीवरच असेल तर बिल चुकणारच. कोडमध्येच आर्थिक वर्ष काढताना एशिया-कोलकाता झोन स्पष्ट सांगायचा, आणि आजची तारीख बाहेरून देता येईल अशी सोय करून दोन टेस्ट कायमच्या ठेवायच्या, भारतीय वेळेने एक ३१ मार्च रात्री ११:५९ ची आणि एक १ एप्रिल मध्यरात्री १२:०१ ची, कंटेनर मुद्दाम यूटीसीवरच ठेवून.