कर्करोगोत्तर औषध-पुनरारंभ

कर्करोगाचे निदान झाल्यावर थांबवलेले दीर्घकालीन औषध, कर्करोग बरा झाल्यानंतर किंवा आटोक्यात आल्यानंतर, पुन्हा सुरू करावे की नाही यासंबंधीचा निर्णय. हे औषध बहुधा दुसऱ्याच आजारावरचे असते. ऱ्हुमॅटॉइड संधिवात, क्रोन रोग (आतड्याचा दीर्घकालीन दाह), सोरायसिस, प्रत्यारोपित मूत्रपिंड, मधुमेह, संप्रेरकांची कमतरता ही त्याची नेहमीची कारणे. यांपैकी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांबद्दलचा वाद सर्वांत जुना असून प्रस्तुत नोंदीत त्याचाच प्रामुख्याने विचार केला आहे. खुद्द कर्करोगावरचीच गोळी थांबवून पुन्हा घेण्याचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. त्याचा उल्लेख शेवटाकडे येतो.

कर्करोग दुर्मीळ असेल तर निर्णय अधिक अवघड होतो. युरोपातील ‘रेअरकेअर’ या प्रकल्पाने वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे ६ पेक्षा कमी नवे रुग्ण आढळणाऱ्या कर्करोगास दुर्मीळ म्हटले. अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्था ही मर्यादा १५ धरते. युरोपीय व्याख्येप्रमाणेही असे सारे कर्करोग एकत्र केले, तर एकूण कर्करुग्णांच्या पाचव्या हिश्शाहून अधिक रुग्ण त्यांत मोडतात. मात्र एकेक कर्करोग सुटा घेतला की त्यातून वाचलेले, त्याच वेळी क्रोन रोग असलेले आणि तेच औषध पूर्वी घेत असलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात. त्यामुळे चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याच्या पद्धतीच्या चाचण्या येथे होऊ शकत नाहीत, आणि इतर कर्करोगांवरून काढलेला नियम दुर्मीळ कर्करोगाला लावला जातो.

पाच वर्षांची अट : ‘पाच वर्षे निर्धोक जाऊ द्या, मग पाहू’ हे उत्तर रुग्णांना वर्षानुवर्षे मिळत आले आहे. या अटीची मुळे दोन ठिकाणी शोधता येतात. एक मूळ कर्करोगशास्त्रातले. शस्त्रक्रियेचे फलित मोजण्यासाठी पाच वर्षांनंतर किती रुग्ण हयात आहेत हे पाहण्याचा प्रघात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून रूढ आहे. ते मोजमापाचे सोयीचे अंतर होते. त्या दिवशी शरीरात काही बदलते असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. दुसरे मूळ मूत्रपिंड प्रत्यारोपणात आहे आणि प्रत्यक्ष व्यवहारावर त्याचाच प्रभाव अधिक दिसतो.

जॉर्ज हिचिंग्ज व गर्ट्रूड एलियन (दोघांनाही १९८८ चे नोबेल पारितोषिक) यांच्या प्रयोगशाळेतून १९५० च्या दशकात अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आले आणि परक्याचे मूत्रपिंड शरीरात टिकू लागले. पुढच्याच दशकात अशा रुग्णांमध्ये लसीका ग्रंथींचे कर्करोग (लिम्फोमा) अपेक्षेपेक्षा जास्त दिसत असल्याचे ध्यानात आले. शल्यचिकित्सक इझ्राएल पेन यांनी १९६८ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे अशा रुग्णांची नोंदवही सुरू केली. ती पुढे सिनसिनाटीला गेली. प्रत्यारोपणापूर्वी कर्करोग होऊन गेलेल्या व्यक्तींचा त्यांचा आढावा १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २२ टक्के व्यक्तींमध्ये कर्करोग उलटलेला, म्हणजे पुन्हा उद्भवलेला होता. उलटलेल्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक रुग्णांवर प्रत्यारोपणापूर्वीच्या २ वर्षांच्या आत उपचार झाले होते, सुमारे एक तृतीयांश रुग्णांवर २ ते ५ वर्षांपूर्वी आणि सुमारे १३ टक्क्यांवर ५ वर्षांहून आधी. ‘निदान दोन वर्षे, शक्यतो पाच वर्षे’ हा सल्ला या आकड्यांवर उभा राहिला.

या आकड्यांचे वाचन मात्र पुष्कळदा चुकीचे होते. वरची टक्केवारी उलटलेल्या कर्करोगांची विभागणी सांगते. पाच वर्षे थांबलेल्या व्यक्तीला असलेला धोका सांगत नाही. तो काढायचा तर प्रत्येक गटात मुळात किती माणसे होती हे हाती हवे. शिवाय नोंदवहीत माहिती पाठवणे ऐच्छिक होते, आणि ज्यांचे काही बिघडले त्यांची माहिती अशा ठिकाणी आधी पोहोचते. तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यारोपणानंतर दोन-तीन औषधे एकत्र, मोठ्या मात्रेत व जन्मभर दिली जातात. सांध्यांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी आणि हा मारा एकाच तराजूत घालता येत नाही. तरीही १९९० च्या दशकाच्या अखेरीस ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर (टीएनएफ) या दाहकारक प्रथिनाला रोखणारी जैविक औषधे आली, तेव्हा त्यांच्या बहुतेक चाचण्यांतून नजीकच्या वर्षांत कर्करोग झालेल्यांना वगळण्यात आले. वगळले म्हणून माहिती नाही आणि माहिती नाही म्हणून औषधाच्या पत्रकात सावधगिरीची सूचना, असे हे चक्र बराच काळ चालू राहिले.

ते मोडण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे २०१६ मध्ये शेल्टन व सहकाऱ्यांनी केलेले एकत्रित विश्लेषण. त्यात १६ अभ्यासांतील ११,७०२ व्यक्ती होत्या. सर्वांना प्रतिकारशक्तीशी निगडित दाहक आजार होता व सर्वांना पूर्वी कर्करोग होऊन गेला होता. दर १,००० व्यक्तिवर्षांमागे (एका व्यक्तीचा एक वर्षाचा पाठपुरावा म्हणजे एक व्यक्तिवर्ष) कर्करोग उलटण्याचे किंवा नवा होण्याचे प्रमाण औषध न घेणाऱ्यांत ३७.५, टीएनएफ-विरोधी औषध घेणाऱ्यांत ३३.८, अझाथायोप्रिनसारखी जुनी औषधे घेणाऱ्यांत ३६.२ आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत ५४.५ आढळले. एकत्र औषधांचा आकडा मोठा दिसत असला, तरी संख्याशास्त्रीय कसोटीवर हे फरक ठोस ठरले नाहीत. कर्करोगानंतर सहा वर्षांच्या आत औषध सुरू केलेल्यांची नंतर सुरू केलेल्यांशी केलेली तुलनाही वेगळे काही सांगत नव्हती. यावरचा नेहमीचा आक्षेप असा की, डॉक्टरांनी मुळातच कमी धोक्याच्या रुग्णांना औषध दिले असणार. आक्षेप रास्त आहे. परंतु प्रत्यारोपणाच्या नोंदवहीतील दोष याहून गंभीर असल्याने प्रस्तुत लेखकाला शेल्टन यांचा पुरावा अधिक वजनदार वाटतो. युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेच्या २०२४ मधील मार्गदर्शनाचा कलही तसाच आहे : कर्करोग शमलेला असेल आणि सांध्यांचा आजार उसळला असेल, तर केवळ वर्षे मोजत थांबण्याची गरज नाही, मात्र औषधाची निवड जपून करावी.

दुर्मीळ कर्करोगांत एकच ठरावीक मुदत विशेष अपुरी पडते. त्वचेचा मर्केल पेशी कर्करोग उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. डोळ्यातील मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग) दहा वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा यकृतात प्रकट होऊ शकतो. लालाग्रंथींच्या अॅडेनॉइड सिस्टिक कर्करोगाची फुप्फुसातली गाठही अशीच फार उशिरा दिसू शकते. पहिल्याला पाच वर्षे जास्त होतात, उरलेल्या दोघांना कमी पडतात. प्रतिकारशक्तीशी असलेले नातेही प्रत्येकाचे निराळे आहे. मर्केल कर्करोगातील एक विषाणू २००८ मध्ये ओळखला गेला आणि दुबळ्या प्रतिकारशक्तीत हा कर्करोग बळावतो. म्हणून मुदत लहान असूनही येथे औषध सुरू करताना हात आखडता घेतला जातो.

औषधपरत्वे भेद : अझाथायोप्रिन घेणाऱ्यांच्या त्वचेतील डीएनएमध्ये औषधाचा अंश शिरतो आणि सूर्यप्रकाशातील अतिनील-अ किरण शोषून घेतो, त्यामुळे त्वचेच्या कर्करोगानंतर हे औषध सहसा टाळतात. लिम्फोमानंतरही टाळतात, कारण फ्रान्समधील ‘सेझाम’ या मोठ्या अभ्यासात (२००९) ते घेणाऱ्यांत लिम्फोमाचा धोका सुमारे पाचपट आढळला होता. यकृत व प्लीहेतील टी-पेशींचा एक अतिदुर्मीळ लिम्फोमा मुख्यतः तरुण पुरुषांत, अझाथायोप्रिनवर्गीय व टीएनएफ-विरोधी औषधे एकत्र घेतली असताना नोंदला गेला आहे. त्यातून वाचलेल्या व्यक्तीला तीच जोडी पुन्हा देण्याचा विचार कोणी करणार नाही. मेथोट्रेक्सेटची गोष्ट विलक्षण आहे. ते घेणाऱ्या संधिवाताच्या काही रुग्णांत उद्भवलेला लिम्फोमा केवळ औषध बंद केल्यावर, केमोथेरपीशिवाय, ओसरल्याचे १९९० च्या दशकाच्या आरंभापासून नमूद आहे. औषध थांबवणे हाच जेथे उपचार ठरला, तेथे ते परत सुरू करत नाहीत. याउलट बी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) नष्ट करणारे रिटुक्सिमॅब हे लिम्फोमावरचेही औषध असल्याने लिम्फोमानंतरच्या संधिवातात त्याला पसंती मिळते. जॅनस कायनेज हे दाहाला चालना देणारे विकर रोखणाऱ्या गोळ्यांविषयी सावधगिरी वाढली ती टोफासिटिनिबच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनंतर. तीत हृदयविकाराचा धोका असलेल्या ५० वर्षांवरील रुग्णांत कर्करोगाचे प्रमाण ४.२ टक्के, तर टीएनएफ-विरोधी गटात २.९ टक्के होते.

क्वचित प्रतिकारशक्ती दाबणारे औषधच कामी येते. मूत्रपिंड रोपणानंतर कापोसी सार्कोमा (त्वचेवर डाग उठवणारा एक कर्करोग) झालेल्या १५ रुग्णांचे सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध थांबवून त्यांना त्याच कामाचे सिरोलिमस दिले असता तीन महिन्यांत त्वचेवरील डाग नाहीसे झाले व रोपित मूत्रपिंडेही टिकली (२००५). ‘पुन्हा सुरू करावे का’ याऐवजी ‘कोणते सुरू करावे’ हा प्रश्न विचारण्याचे फळ येथे स्पष्ट दिसते.

प्रतिकारशक्तीशी संबंध नसलेल्या औषधांपैकी लिराग्लुटाइड व सेमाग्लुटाइड या मधुमेहावरील औषधांचा वाद अलीकडचा आहे. थायरॉइडच्या मेड्युलरी (सी-पेशींपासून होणाऱ्या) कर्करोगातून वाचलेल्यांना ही औषधे देऊ नयेत असा ठळक इशारा अमेरिकेत त्यांच्या पत्रकावर आहे. त्याचा आधार उंदीर-घुशींवरील प्रयोग आहेत. त्यांच्या थायरॉइडमधील सी-पेशींवर या औषधाला बांधून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) माणसापेक्षा कितीतरी अधिक असतात. फ्रान्समधील एका अभ्यासात थायरॉइड कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला, स्कँडिनेव्हियातील अभ्यासात तशी लक्षणीय वाढ दिसली नाही आणि युरोपीय औषध संस्थेच्या समितीने २०२३ मध्ये कार्यकारणसंबंध सिद्ध होत नसल्याचे म्हटले. तरीही या एका कर्करोगापुरती मनाई पाळणेच इष्ट, कारण मधुमेहाला दुसरी औषधे आहेत. इस्ट्रोजेनच्या बाबतीत गर्भाशयाच्या कमी आक्रमक स्ट्रोमल सार्कोमानंतर (आधार-ऊतीच्या कर्करोगानंतर) ते टाळतात; ती गाठ या संप्रेरकावरच पोसते.

न घेण्याची किंमत : औषध न देणे हाही उपचाराविषयीचाच निर्णय आहे, आणि त्याची किंमत रुग्ण रोज मोजतो. सकाळी तासभर न उघडणारी बोटे, आतड्याला पडलेले छिद्र, गमावलेले रोपित मूत्रपिंड हे संभाव्य धोके नव्हेत, घडणाऱ्या गोष्टी आहेत. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात दीर्घकाळ तीव्र दाह राहिला तर लिम्फोमाचा धोका अनेक पटींनी वाढतो, असे स्वीडनमधील अभ्यासाने दाखवले आहे. मोठ्या आतड्यातील दाहाचा तेथील कर्करोगाशी संबंधही सुपरिचित आहे. शिवाय मधल्या काळात रुग्ण बहुधा स्टेरॉइडवर राहतो. तेही प्रतिकारशक्ती दाबते, हाडे ठिसूळ करते, साखर वाढवते; ‘आम्ही काही सुरू केलेले नाही’ हे समाधान त्यामुळे फसवे असते.

उलट बाजूही आहे. सायक्लोफॉस्फामाइडसारखी केमोथेरपी किंवा मूलपेशी रोपण यांनी मूळ दाहक आजारही कधीकधी वर्षानुवर्षे शांत होतो. म्हणून आजार खरोखर जागा आहे का, हे आधी पाहणे योग्य. पेम्ब्रोलिझुमॅबसारखे, प्रतिकारशक्ती मोकळी सोडणारे औषध घेऊन जो वाचला, त्याच्यात मूळ आजार अधिक भडकू शकतो आणि तो दाबताना कर्करोगावरची पकडही सुटेल ही शंका राहते. असा निर्णय कर्करोगतज्ज्ञ व मूळ आजाराचे तज्ज्ञ यांनी एकत्र बसूनच घ्यावा लागतो.

‘त्या गोळीनेच कॅन्सर झाला का?’ हा प्रश्न रुग्ण पहिल्यांदा विचारतो, आणि बहुतेक वेळा एका व्यक्तीपुरते त्याचे उत्तर देता येत नाही. वैद्यकीय वाङ्मयात या भीतीची दखल तोकडीच आहे.

कर्करोगावरचेच औषध : येथे चित्र बरेच स्वच्छ आहे. दीर्घकालिक मायलॉइड ल्यूकेमिया या रक्ताच्या कर्करोगात त्यावरील इमॅटिनिब ही गोळी थांबवण्याच्या फ्रेंच ‘स्टिम’ चाचणीतील (२०१०) १०० रुग्णांपैकी साधारण चाळीस टक्के रुग्ण वर्षभरानंतरही औषधाविना राहू शकले. आजार उलटला तो बहुधा पहिल्या सहा-सात महिन्यांत, आणि गोळी पुन्हा सुरू करताच तो बहुतेकांत आटोक्यात आला. येथे परतीचा उंबरठाही ठरलेला आहे : बीसीआर-एबीएल या, आजाराला कारण ठरणाऱ्या जनुकाचे प्रमाण ०.१ टक्क्यावर गेले की औषध सुरू. पचनमार्गातील ‘जिस्ट’ या गाठीबाबत एवढी निश्चिंती नाही. पसरलेल्या जिस्टमध्ये इमॅटिनिब थांबवल्यावर बहुतेकांचा आजार वाढला. पुन्हा दिल्यावर तो बहुधा आवरला, पण गाठी नेहमीच पूर्वीइतक्या आक्रसल्या नाहीत.

संप्रेरकांच्या कमतरतेवरील औषधाबाबतही एक ठरलेली मुदत आढळते : बालवयात मेंदूच्या गाठीतून वाचलेल्या मुलांना वाढीचे संप्रेरक देताना, उपचार संपल्यावर कर्करोगमुक्त असे एक वर्ष जाऊ देण्याची पद्धत आहे. अशा मुलांच्या अमेरिकेतील मोठ्या पाठपुराव्यात मूळ कर्करोग उलटण्याचे प्रमाण संप्रेरकामुळे वाढलेले दिसले नाही; दुसऱ्या गाठींचे, विशेषतः मेनिंजिओमांचे (मेंदूच्या आवरणाच्या गाठींचे), प्रमाण किंचित अधिक आढळले, परंतु त्यांतील पुष्कळ मुलांनी डोक्यावर किरणोपचार घेतलेले होते.