आवाज एक, मग माईक दोन-दोन कशाला?

आमच्या स्टुडिओच्या बूथमध्ये, म्हणजे गाणं रेकॉर्ड करायच्या छोट्या खोलीत, आल्यावर समोर दोन स्टँड दिसले की बरेच जण विचारतात, दादा, दोन माईक म्हणजे आवाज डबल जाड येणार ना? तर नाही. नीट लावले नाहीत तर उलट पातळ येतो, आणि हे आधीच वाचून आलात तर सेशनचा वेळ गाण्यात जाईल म्हणून हा कागद.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १७ सेंटिमीटरला अर्धा मिलिसेकंद. आता एक माईक तोंडापासून १५ सेंटिमीटरवर आणि दुसरा ३२ वर असेल तर दुसऱ्यात तोच सूर अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि दोन्ही ट्रॅक सारख्या लेव्हलला एकत्र वाजवले की १ किलोहर्ट्झला (सेकंदाला हजार कंपनं) एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, मग ३ ला, ५ ला, असे वरपर्यंत खड्डेच खड्डे. ग्राफ काढला तर कंगवा दिसतो, म्हणून याचं नाव कॉम्ब फिल्टरिंग. ऐकायला डब्यात तोंड घालून गायल्यासारखं. बरं, गाताना मान हलतेच, अंतर बदलतं, खड्डे सरकतात, त्यामुळे नंतर ईक्यू, म्हणजे जाड-बारीक आवाज कमीजास्त करणारं साधन, लावून हे भरून निघत नाही.

मग दुसरा माईक लावतो कशाला? बहुतेक वेळा फक्त निवड करायला. एक कंडेन्सर, एक डायनॅमिक, हे माईकचे दोन प्रकार, दोन्हीच्या कॅप्सूल (आतला आवाज पकडणारा भाग) एकमेकांना जवळजवळ टेकवून. बाहेरच्या जाळीवर जायचं नाही, काही डायनॅमिकमध्ये कॅप्सूल बरीच आत असते आणि तिथेच फसगत होते. एक कडवं दोन्हीवर एकाच वेळी रेकॉर्ड करतो, कारण दोनदा गायलं की दोनदा वेगळंच येतं आणि मग तुलना माईकची होत नाही, मूडची होते. ऐकवताना लेव्हल सारखी करून ऐकवतो, नाहीतर जो मोठ्याने वाजतो तोच सगळ्यांना आवडतो. महागडा कंडेन्सरच जिंकेल असं काही नाही हां, ज्यांचा 'स' आणि 'श' टोचतो त्यांना साधा डायनॅमिक कितीतरी वेळा जास्त शोभतो. ठरलं की दुसरा काढून ठेवतो. एखादा ध्रुवपदात एकदम वरच्या पट्टीत सुटणारा गायक असेल तर मात्र राहू देतो, त्याचा गेन (रेकॉर्डिंगची लेव्हल) १० डेसिबलने कमी करून, म्हणजे मेन ट्रॅक क्लिप झाला, आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटला, तरी तो टेक वाया जात नाही.

दुसरी गोष्ट रूम माईकची, म्हणजे खोलीचा घुमारा पकडायला लांब ठेवलेल्या माईकची. १९७७ साली बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत टोनी विस्कॉन्टी या प्रोड्युसरने गायक डेव्हिड बोवीसाठी तीन माईक लावले होते, एक तोंडाजवळ, दुसरा साधारण २० फुटांवर, तिसरा ५० फुटांवर, आणि लांबच्या दोघांवर गेट, म्हणजे ठरावीक लेव्हलच्या खालचा आवाज बंद ठेवणारं साधन, त्यामुळे आवाज चढवला तरच ते उघडायचे आणि अख्खा हॉल ऐकू यायचा. हे वाचून कुणीतरी दर महिन्याला येतंच! पण तिथे खोलीच ५० फुटांवर माईक ठेवण्याएवढी होती. आमचा बूथ लहान आणि कोरडा, त्यात लांब ठेवायचा म्हणजे दीड मीटर, त्यातून फक्त भिंत ऐकू येते. खरंच हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगा, मोठ्या खोलीत घेऊ.

दोघं एकत्र गाणार असाल तर प्रत्येकाला वेगळा माईक. तेव्हा तीनास एकचा हिशेब, माईक तोंडापासून २० सेंटिमीटर तर दोन माईकमध्ये निदान ६०. तरी थोडा आवाज शेजारच्यात सांडणारच, म्हणून एकाचा सूर गेला तर फक्त त्याची ओळ बदलून देता येईल असं आम्ही सांगत नाही. ज्यांना नंतर तुकडे कापून जोडायचेत त्यांनी सरळ वेगवेगळं गावं.

तुमच्याकडून एवढंच, उभं राहायची खूण म्हणून जमिनीवर लावलेली टेप सोडू नका, आणि हेडफोन एका कानावर घेत असाल तर दुसरी बाजू गालाला दाबून ठेवा, उघडी सोडली तर हेडफोनमधली तालाची क्लिक थेट माईकमध्ये.

दुसरा माईक वापरला असेल तर फाइल देताना दोन्ही ट्रॅक वेगवेगळे देतो, कुठलीही प्रोसेसिंग न करता, नावात मेन आणि दुसरा असं लिहून. मिक्स दुसरीकडे करणार असाल तर हा कागद त्यांनाही दाखवा. दोन्ही एकत्र वापरायचेच असतील तर आधी एकाचं पोलॅरिटीचं बटण (लाट वरची खाली उलटवणारं) दाबून बघायचं, ज्या बाजूला आवाज भरलेला वाटतो ती ठेवायची, आणि अंतराचा फरक असेल तर ट्रॅक सरकवायचा, ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं) १७ सेंटिमीटर म्हणजे साधारण २४ सॅम्पल. रूमचा ट्रॅक मात्र सरकवू नका, तो उशीरच तर आपण मुद्दाम रेकॉर्ड केलेला असतो.