'पाली' की 'पालि': एका वेलांटीमागचा इतिहास

विहारात भरणाऱ्या पालीच्या, म्हणजे बौद्ध ग्रंथांच्या जुन्या भाषेच्या, वर्गाचं पत्रक छापायला निघालं की पहिला वाद ठरलेला: 'ल'ला पहिली वेलांटी की दुसरी? विषय काय, फी किती, सतरंज्या कोण आणणार, हे नंतर. शिकवणारे बहुधा निवृत्त कर्मचारी किंवा शिक्षक, स्वतःही पन्नाशीच्या आसपास शिकलेले. समोर बसलेल्यांत आजीपासून नातवापर्यंत सगळे. वेलांटीवर मात्र कोणी माघार घेत नाही. म्हणून तीच आधी घेऊ.

मूळ शब्द ह्रस्वान्त, 'पालि'. १९६२ च्या मराठी शुद्धलेखन नियमांनी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ केला. 'कवि'चा 'कवी' झाला, तसा 'पालि'चा 'पाली'. पण समासात पहिलं पद ह्रस्वच राहतं, म्हणून 'पालिभाषा'. म्हणजे एकाच पत्रकावर 'पाली शिका' आणि 'पालिभाषा वर्ग' असं दोन्ही छापलं तर तेच नियमाला धरून, आणि नेमकं तेच बघून लोक मुद्रितशोधकाला धारेवर धरतात. ह्रस्ववाल्यांचं म्हणणं असं, की भाषेचं नाव तिच्याच व्याकरणाप्रमाणे लिहावं, मराठीच्या नियमाला का बांधायचं? मला यात व्याकरणापेक्षा जिव्हाळा जास्त दिसतो. मी स्वतः दीर्घ लिहितो. 'पालीला निघालो' म्हटल्यावर समोरचा बल्लाळेश्वराला नमस्कार सांगतो आणि 'पालीची भीती वाटते' म्हटलं तर भिंतीकडे बघतो, हे दोन्ही सोसून.

खरा गुंता पुढेच आहे. 'पालि' (किंवा 'पाळि') हे मुळात भाषेचं नावच नव्हतं. पाचव्या शतकात श्रीलंकेत अनुराधपूरला लिहिल्या गेलेल्या अट्ठकथांत, म्हणजे टीकाग्रंथांत, हा शब्द येतो तो 'मूळ पाठ' या अर्थाने: एका बाजूला पाळि, दुसऱ्या बाजूला तिच्यावरची टीका. शब्दाचा आणखी एक अर्थ ओळ, रांग. आपल्या 'पाळी'तही क्रम आहेच. 'पालिभासा' म्हणजे त्या पाठाची भाषा, आणि पुढे 'भासा' गळून विशेषण हेच नाव होऊन बसलं. सतराव्या शतकात सयामला (आजच्या थायलंडला) गेलेल्या युरोपीय प्रवाशांनी ते भाषेचं नाव म्हणूनच टिपलं. परंपरा स्वतः या भाषेला मागधी म्हणते. तिथेही अडचण आहे. अशोकाच्या पूर्वेकडच्या लेखांत राजाचा 'लाजा' होतो आणि प्रथमेला 'ए' लागतो. पालीत मात्र 'राजा' आणि 'धम्मो', म्हणजे गिरनारच्या लेखाला अधिक जवळचं. त्यामुळे भाषाशास्त्रज्ञ तिच्यात पश्चिमेचा अंश बघतात. 'पल्लि' म्हणजे खेड्यातली भाषा, 'पाटलि'वरून पाली, अशा व्युत्पत्त्याही वर्गात हमखास ऐकू येतात. सांगायला छान आहेत, पण ध्वनींच्या हिशोबात बसत नाहीत.

लिपीचा प्रश्न याच्याशीच जोडलेला. पालीला स्वतःची लिपी नाही. सिंहली, बर्मी, थाई, रोमन, ज्या देशात गेली तिथली तिने घेतली. महाराष्ट्रात हौशी माणसाला देवनागरीत छापलेले पाठ हवे असत. ते मुंबईतून विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत निघू लागले, आणि १९५६ ते १९६१ या काळात नालंदेहून तिपिटकाचे, म्हणजे बौद्धांच्या मूळ पाली ग्रंथांचे, ४१ खंड देवनागरीत आले. इथे मराठी माणसाला एक फुकटचा फायदा मिळतो, तो म्हणजे ळ. सोळस, गुळ, तळाक, कीळा. सोळा, गूळ, तळं, खेळ. हिंदी भाषक या अक्षराशी अडखळतो, आपल्याकडच्या आजी चष्मा न लावता वाचतात.

इथे पाली रुजवणारा पहिला माणूस म्हणजे धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचा तेवीस वर्षांचा तरुण, नावापुरती शाळा झालेला, १८९९ मध्ये घर सोडून निघाला. पुण्यात आणि काशीत संस्कृत, मग नेपाळ, आणि १९०२ मध्ये कोलंबोला पोचून पाली. पुढे बडोद्याच्या महाराजांनी महिना ५० रुपये देऊ केले, अट अशी की महाराष्ट्रात राहायचं. १९१२ ते १९१८ त्यांनी पुण्याच्या एका महाविद्यालयात पाली शिकवली, आणि तिथले काही विद्यार्थी नावाजलेले अभ्यासक झाले. १९३७ मध्ये त्यांनी परळ भागात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, विहार उघडला. पदवी नसलेल्या माणसाने लावलेलं हे झाड आहे, हे पदविका मागणाऱ्यांनी अधूनमधून आठवावं.

मात्र आजचे वर्ग थेट त्या परंपरेतून आलेले नाहीत. ते आले १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या घरांतून. शाळेत संस्कृत नाकारल्यामुळे ज्यांना फारसी घ्यावी लागली होती, त्या बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात पालीचं व्याकरण आणि कोश यांवर काम केलं. ते छापून आलं १९९८ मध्ये, समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात. मधल्या चार दशकांत लाखो घरांत पाली होती ती वंदनेपुरती, तोंडपाठ, अर्थ अर्धामुर्धा. त्यामुळे इथला विद्यार्थी कोरा येत नाही. 'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि' हे त्याने लहानपणापासून म्हटलेलं असतं. वर्गात फळ्यावर 'पाण + अतिपात' असं फोडून दाखवलं, पाण म्हणजे प्राण, शेवटचा 'आ' पंचमीचा, 'पासून', म्हणजे जीव घेण्यापासून दूर राहणं, की मागच्या रांगेतून आवाज येतो, "अहो सर, चाळीस वर्षं म्हणतोय, आज कळलं." त्यानंतर 'मुसावादा' आणि 'सुरामेरयमज्जपमादट्ठाना' लोक स्वतःच सोडवायला घेतात. दुसरं कुठलंही व्याकरण इतक्या तयार जमिनीवर पडत नाही.

नव्वदच्या दशकात इगतपुरीहून संगणकावर तिपिटक आलं. रंगूनच्या १९५४-५६ च्या संगायनातला, म्हणजे भिक्षूंच्या धर्मसभेने तपासलेला, पाठ, आणि एका कळीसरशी लिपी बदलायची सोय. ४१ खंड ठेवायला कपाट नसलेल्यांची त्यामुळे सोय झाली. पुढे फोनवरचे कोश आले, आणि टाळेबंदीत वर्ग पडद्यावर गेले ते काही ठिकाणी तिथेच राहिले. परीक्षांचं गणित मात्र उलटं फिरलं. २०१३ मध्ये केंद्रीय नागरी सेवा परीक्षेच्या वैकल्पिक विषयांतून पालीचं साहित्य वगळलं गेलं आणि त्या आशेने येणारी तरुण मुलं वर्गातून आटली. दहावीला पाली घेता येते, पण शाळेत शिकवायला कोणी असेल तरच.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच भाषांना अभिजात दर्जा दिला. मराठीच्या जल्लोषात, त्याच यादीत पाली आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षातही आलं नाही. पालीच्या गटांवर अभिनंदनाचे फलक फिरले, निम्म्यांवर पहिली वेलांटी, निम्म्यांवर दुसरी.