उशिरा बोलणाऱ्या मुलासाठी मोफत स्पीच थेरपी : कुठे जायचं, कोणते कागद न्यायचे, काय कशासाठी लागतं

मूल दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, तेव्हा घरात हमखास एक वाक्य ऐकू येतं : ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ त्यावर वर्ष निघून जातं. दुसऱ्या घरी कोणीतरी सांगतं, आधी दिव्यांग प्रमाणपत्र काढा, मग थेरपी मिळेल. तिथे आणखी सहा महिने जातात. सरकारी केंद्रात तपासणी आणि स्पीच थेरपी सुरू करायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. वाया गेलेले हे महिने नंतर भरून काढणं फार अवघड जातं, म्हणून ही गोष्ट सगळ्यात आधी सांगतो आहोत.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभी राहिली. बोलीभाषेत त्यांना डीईआयसी म्हणतात. बालरोगतज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणारे) व स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि विशेष शिक्षक अशी माणसं तिथे एका छताखाली असावीत, अशी ही रचना आहे. कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असून उत्पन्नाची अट नाही.

कधी जायचं

बारा महिन्यांपर्यंत ‘बाबाबा-दादादा’ अशी बडबड नाही किंवा बोट दाखवणं, टाटा करणं नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी स्वतःहून केलेली जोडी नाही. यातलं एक जरी लागू पडलं तरी जायचं. येत असलेले शब्द मूल विसरायला लागलं, तर वय न बघता लगेच जायचं.

इथे पालकांना एक प्रश्न नेहमी पडतो. ‘भूभू’, ‘हम्मा’, ‘मम्मं’ हे शब्द धरायचे का? धरायचे. मूल दर वेळी त्याच गोष्टीसाठी तोच आवाज काढत असेल, तर तो शब्दच. जाण्याआधी आठवडाभर कागदावर अशी यादी करा : ‘बू’ म्हणजे पाणी, ‘दाडी’ म्हणजे गाडी. शिवाय मूल घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या. नव्या खोलीत गेल्यावर बरीच मुलं तोंड उघडत नाहीत, आणि मग तपासणाऱ्याला फक्त रडणं ऐकायला मिळतं.

वेखंड उगाळून मधात चाटवण्याने जीभ सुटत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध देऊच नये, त्यातून बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते.

वाट आणि कागद

वाटा दोन. पहिली अंगणवाडीतून : कार्यक्रमाचं तपासणी पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. सेविकेला आधी सांगून ठेवलंत, तर त्या दिवशी मुलाला पथकातल्या डॉक्टरांना दाखवता येतं आणि केंद्रासाठी रेफरल चिठ्ठी मिळते. पथक नुकतंच येऊन गेलं असेल तर पुढच्या फेरीची वाट बघू नका. दुसरी वाट धरा : जिल्हा रुग्णालयात बालरुग्ण विभागाचा केस पेपर काढा आणि डॉक्टरांकडून डीईआयसीकडे लिहून घ्या. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मात्र थोडं शुल्क पडू शकतं.

सोबत मुलाचा जन्मदाखला, आधार (पाच वर्षांखालील मुलाचं बाल आधार ठशांशिवाय निघतं), रेशन कार्ड, लसीकरणाचं माता-बाल कार्ड आणि प्रसूतीच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड ठेवा. सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते शेवटचं, आणि घरी सापडत नाही तेही तेच. बाळ जन्मताच रडलं का, काचेच्या पेटीत किती दिवस होतं, कावीळ किती वाढली होती, हे त्यावर असतं आणि कानाची कोणती तपासणी करायची ते त्यावरून ठरतं.

जन्मदाखला नीट बघा. पुष्कळ दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामी असते. थेरपीला त्याने अडत नाही, पण पुढे यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र काढताना अडतं. नोंदणीनंतर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क लावता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत.

आधी कान, मग जीभ

‘टीव्हीवर जाहिरात लागली की धावत येतो, कान चांगले आहेत’ हा पुरावा पुरेसा नाही. जड आवाज ऐकू येणाऱ्या मुलाला ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक आवाज ऐकू येत नसतील, असं होऊ शकतं. म्हणून थेरपीआधी कानाची तपासणी करून घ्यायचीच.

ओएई तपासणीत कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते बघतात. कानात छोटं बूच ठेवतात, काही मिनिटांत काम होतं. सर्दी असेल, कानात मळ किंवा पडद्यामागे पाणी असेल, तर कान चांगला असूनही निकाल ‘रेफर’, म्हणजे ‘पुन्हा तपासा’, असा येऊ शकतो. तेव्हा घाबरून न जाता उपचारानंतर पुन्हा करून घ्यावी. उलट बाजूही लक्षात ठेवा : जास्त कावीळ झालेल्या किंवा पेटीत राहिलेल्या बाळाची ओएई नॉर्मल येऊनही कानाच्या नसेत दोष असू शकतो. अशा बाळाची बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी, झालीच पाहिजे.

बेरा मूल झोपलेलं असतानाच होते आणि बहुतेक फेऱ्या इथेच फुकट जातात. त्या दिवशी मुलाला पहाटे उठवा आणि एसटीत, रिक्षात डोळा लागू देऊ नका. कपाळाला तेल, पावडर, तीट काही लावू नका. एक इलेक्ट्रोड तिथेच चिकटतो आणि तेलकट कातडीवर नोंद नीट येत नाही. झोपेचं औषध लागलंच तर ते डॉक्टरच देतील. त्याआधी किती वेळ दूध द्यायचं नाही, हे तारीख घेतानाच विचारून ठेवा.

थेरपी सुरू झाल्यावर

सत्र साधारण अर्ध्या-पाऊण तासाचं, आठवड्यातून एक-दोनदा. उरलेला आठवडा घरच्यांचा असतो, म्हणून मुलाला आत सोडून बाहेर बसू नका. थेरपिस्ट काय करते ते बघा, घरी करायच्या गोष्टी लिहून घ्या. घरी कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात ते पहिल्याच दिवशी सांगा. ‘मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला’ या सल्ल्याला आधार नाही. दोन भाषांमुळे मूल मुकं राहत नाही, आणि आजी-आजोबांची भाषा तोडली तर त्याच्याशी बोलणारी माणसंच कमी होतात.

थेरपिस्टचं पद रिकामं असणं, यंत्र बंद असणं हे घडतं. निघण्याआधी फोन करून दोनच प्रश्न विचारा : थेरपिस्ट कोणत्या वारी बसतात, आणि बेराचं यंत्र चालू आहे का. नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाचा कान-नाक-घसा विभाग किंवा मुंबईत वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे पर्याय आहेत. खासगीत गेलात तर थेरपिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक अहवालावर आहे ना, ते बघून घ्या.

प्रमाणपत्र कोणाला, कशासाठी

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यातलं ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ हे मेंदूच्या किंवा अवयवाच्या दोषामुळे आलेल्या कायमच्या अपंगत्वासाठी आहे. नुसतं उशिरा बोलणारं मूल त्यात बसत नाही, त्यामुळे त्या रकान्यात अर्ज केला तर तो परत येण्याचीच शक्यता जास्त. दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा जास्त श्रवणदोष, स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर होणारा परिणाम) असं निदान असेल तर त्या प्रकाराखाली अर्ज करा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर (यूडीआयडीचं सरकारी संकेतस्थळ) फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा जोडून करायचा आणि नोंदणी क्रमांकाची पावती घेऊन दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी मूळ अहवालांसह जायचं. लहान मुलांना बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्यावरची मुदत लक्षात ठेवा.

श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून हवं असेल, तर मात्र किमान ४० टक्के दिव्यांगत्व आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. पालकांचं मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण खर्च, ३०,००० पर्यंत असेल तर निम्मा मिळतो. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाच्या इम्प्लांटसाठी पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. त्याआधी काही महिने श्रवणयंत्र लावून बघावं लागतं, म्हणून दाखला आणि बेराचा अहवाल दुसऱ्या वाढदिवसाच्या आत हातात असलेला बरा.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंतच्या संरक्षणात थेरपीचा खर्चही मोडतो. दावा करताना प्रत्येक सत्राची तारीख, सही-शिक्का असलेली पावती मागतात. ती महिनाअखेरीस एकदम मागू नका, त्याच दिवशी घ्या.