शेक्सपिअर आणि रोजची इंग्रजी

इंग्रज नाटककार विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) याच्या नाटकांतले कितीतरी शब्दप्रयोग आज इंग्रजीत वाक्प्रचार म्हणून रुळले आहेत. मत्सराला 'ग्रीन-आइड मॉन्स्टर' म्हणतात, ते 'ऑथेल्लो'मधून आले. देणेकऱ्याकडून निर्दयपणे पै न् पै वसूल करणे म्हणजे 'पाउंड ऑफ फ्लेश' मागणे. त्याचे मूळ 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या शायलॉकच्या करारात आहे. हे प्रयोग तोंडात असणाऱ्या बहुतेकांनी ती नाटके वाचलेली किंवा पाहिलेली नसतात. इंग्रजी बोलण्यात इतके खोल मुरलेले दुसरे लेखन सांगायचे, तर १६११ सालचे जेम्स राजाच्या काळातले बायबलच सांगावे लागेल.

नाटकातला प्रसंग गळून पडतो आणि शब्द तेवढे उरतात, हे 'ॲट वन फेल स्वूप' या प्रयोगात स्पष्ट दिसते. आज त्याचा अर्थ 'एका झटक्यात' एवढाच आहे. कामे उरकण्यापासून कर्ज फेडण्यापर्यंत कशालाही तो चालतो. 'मॅकबेथ'च्या चौथ्या अंकात मात्र तो मॅकडफच्या तोंडी येतो. बायको, मुले, घरातले सगळेच मारले गेल्याची बातमी त्याला नुकतीच कळली आहे. ती त्याला खरी वाटत नाही. 'सगळी?' असे तो पुन्हा पुन्हा विचारतो. मारेकऱ्याला तो नरकातली घार म्हणतो आणि विचारतो, माझी सारी गोजिरी पिल्ले आणि त्यांची आई, एकाच झडपेत? अंगणातल्या कोंबडीच्या पिल्लांवर घार कशी झेपावते, हे ज्याने पाहिले असेल त्याला ही ओळ वेगळी समजावून सांगावी लागत नाही. यातल्या 'फेल'चा अर्थ क्रूर. हा अर्थ आता बोलण्यातून जवळजवळ गेला आहे आणि या एका वाक्प्रचाराच्या आधाराने कसाबसा टिकून आहे.

काही प्रयोगांचा अर्थ पुरता फिरला. मनात काही न ठेवणाऱ्या माणसाबद्दल इंग्रजीत कौतुकाने म्हणतात की तो काळीज बाहीवर मिरवतो. हे शब्द मूळचे 'ऑथेल्लो'मधल्या इयागोचे, म्हणजे शेक्सपिअरच्या सर्वांत कपटी पात्राचे आहेत. मी तसे केले तर कावळे येऊन ते टोचतील, असे तो म्हणतो. 'मला काही कळले नाही' या अर्थाने वापरले जाणारे 'इट वॉज ग्रीक टू मी' हे 'ज्युलियस सीझर'मधल्या कास्काचे वाक्य तर शब्दशः खरे आहे, कारण रोमन वक्ता सिसेरो तिथे खरोखरच ग्रीकमध्ये बोललेला असतो. 'हॅम्लेट'मधले 'पेटार्ड' म्हणजे किल्ल्याचा दरवाजा उडवायचे दारूचे स्फोटक. ते केव्हाच इतिहासजमा झाले, पण आपल्याच पेटार्डने उडालेला, म्हणजे स्वतःच्याच डावात फसलेला माणूस इंग्रजीत अजून रोज भेटतो.

शेक्सपिअरला हे साधले, यात त्याच्या काळाचाही वाटा आहे. त्या वेळी इंग्रजीला ठरलेले शुद्धलेखन नव्हते. केवळ इंग्रजी शब्दांचा पहिला कोश, रॉबर्ट कॉड्रीचा, १६०४ साली निघाला आणि त्यात जेमतेम अडीच हजार शब्द होते. नामाचे क्रियापद केले तर अडवणारे कोणी नव्हते. 'रिचर्ड दुसरा'मध्ये बंडखोर पुतण्या 'काका' म्हणून गोड बोलू लागतो, तेव्हा यॉर्कचा ड्यूक 'अंकल' या नामाचेच क्रियापद करून त्याला झिडकारतो. 'मला काका काका करू नकोस' असे आपण म्हणतो, अगदी तसे. लेडी मॅकबेथ 'सेक्स'ला 'अन्' जोडून आपले बाईपण काढून घेण्याची विनवणी करते. शेक्सपिअरची खरी ताकद मला इथे दिसते. त्याचे शब्द एखाद्याच्या रागातून किंवा भीतीतून निघतात, म्हणून ऐकणाऱ्याच्या कानात राहतात.

त्याने हजारो नवे शब्द घडवले, असे सर्रास सांगितले जाते. हा दावा जपून घ्यावा. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी स्वयंसेवकांनी जुनी पुस्तके वाचून अवतरणे टिपली. शेक्सपिअर घरोघरी होता. मेरी काउडन क्लार्क हिने केलेली त्याच्या नाटकांची शब्दसूची १८४४-४५ पासून हाताशी होती. साहजिकच अनेक शब्दांचा पहिला पुरावा म्हणून त्याचीच ओळ नोंदली गेली. पुढे जुनी छापील पुस्तके संगणकावर शोधता येऊ लागली, तेव्हा त्यांतले बरेच शब्द आधीच्या लेखकांकडे सापडले. 'डेड ॲज अ डोअरनेल' हे तर चौदाव्या शतकातल्या 'पिअर्स प्लाउमन' या काव्यातही आहे. चकाकते ते सारे सोने नव्हे, ही म्हणही त्याच्या आधीची. पहिल्यांदा बोलला तो कोणी का असेना, लोकांनी ते शेक्सपिअरकडून उचलले, हे त्याचे मोठेपण कमी नाही.

हे सगळे टिकले ते छपाईमुळे. त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६२३ मध्ये, जॉन हेमिंग्ज आणि हेन्री कॉन्डेल या सहकारी नटांनी ३६ नाटकांचा 'फर्स्ट फोलिओ' काढला. त्यातली निम्मी नाटके आधी कधीच छापली गेली नव्हती. 'मॅकबेथ' आणि 'ज्युलियस सीझर' त्यांतलीच. त्या दोघांनी ही खटपट केली नसती, तर मॅकडफची घार आपल्यापर्यंत पोचणे अवघड होते. १७५२ मध्ये विल्यम डॉडने शेक्सपिअरच्या निवडक उताऱ्यांचे पुस्तक काढले, १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनने आपल्या कोशात त्याच्या ओळी जागोजागी दिल्या आणि नाटकगृहाची पायरीही न चढलेल्यांच्या बोलण्यात त्या आल्या.

इंग्रजी शिक्षणाबरोबर हे प्रयोग मराठीतही आले. गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला. हॅम्लेटचा 'टू बी ऑर नॉट टू बी' मात्र सामान्य मराठी माणसाच्या ओठी बसला तो वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधून (१९७०), 'जगावं की मरावं' या रूपात. जवळच्या माणसाने दगा दिला की मराठी माणूस 'यू टू, ब्रूटस?' म्हणतो. शेक्सपिअरने हे वाक्य इंग्रजीत लिहिलेच नव्हते. खंजिराचे घाव झेलणारा त्याचा सीझर ते लॅटिनमध्ये बोलतो, 'एत तू, ब्रूते?'